बिनफाटकाचे घर

‘पक्ष’ हा शब्द वर्गात शिकवताना माझी नेहमी त्रेधा उडते. पक्ष म्हणजे पंख, पक्ष म्हणजे पंधरवडा, पक्ष म्हणजे वादातली बाजू, पक्ष म्हणजे भाद्रपदात पितरांना जेवू घालण्याचे दिवस, आणि सरतेशेवटी पक्ष म्हणजे ज्याला आपण मत देतो तो. १९६७ साली हरियाणात गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा वाक्प्रचार देशभर रूढ झाला. एका पक्षात तीन पक्ष! यमकाचे याहून सोपे उदाहरण मला गेल्या वीस वर्षांत सापडलेले नाही. पोरे बाकी सारे विसरतात, हे विसरत नाहीत.

यंदाच्या श्रावणात आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता : ‘पक्षांतर हा मतदाराचा विश्वासघात आहे.’ हाच विषय मुलांना का सुचला हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. संपादकांच्या कानावर घातले तर ते म्हणाले, “लिहा, पण सध्याची नावे नकोत. दिवाळी आहे.” नकोत तर नकोत.

आमच्याकडे बाजू चिठ्ठीने ठरते. द्वितीय वर्षातल्या एका मुलीने अनुकूल बाजूचे भाषण आठवडाभर घोटून तयार केले होते, आणि चिठ्ठी निघाली प्रतिकूल. तासाभरात तिने सारे भाषण उलटे फिरवले आणि पहिले बक्षीस घेतले. परीक्षकांनी तोंड भरून कौतुक केले. सायंकाळी ती करंडक घेऊन आमच्या खोलीत आली. चेहरा काही करंडक मिळालेल्या मुलीचा नव्हता. म्हणाली, “सर, बक्षीस मिळाले खरे, पण आता मला स्वतःला काय वाटते तेच कळेनासे झाले आहे.”

मी तिला चहा पाजला, दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि घरी पाठवले. विद्यार्थिदशेत मीही असे करंडक बरेच मिळवले आहेत, त्यामुळे समजुतीच्या गोष्टी माझ्याजवळ तयार असतात. पण लोकलमध्ये उभा राहून घरी जाताना मला आठवले ते जॉर्ज फर्नांडिस. त्यांच्यापायी आमच्या घरात जेवढी भांडणे झाली, तेवढी वाटणीवरूनसुद्धा झाली नसतील.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, १९६७ साली बावीस वर्षांचे होते. एका खासगी पेढीत कारकून, आणि दक्षिण मुंबईतल्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांत राहणारे. एकवीस वर्षे पुरी झाल्यावर मत मिळण्याचा तो काळ, त्यामुळे लोकसभेचे त्यांचे ते पहिलेच मत. उभे कोण? काँग्रेसतर्फे स. का. पाटील, मुंबईचे अनभिषिक्त राजे आणि केंद्रात रेल्वेमंत्री. समोर संयुक्त समाजवादी पक्षाचे सदतिसाव्या वर्षात पाऊल घालणारे जॉर्ज, टॅक्सीवाल्यांचे, गोदी कामगारांचे आणि पालिकेच्या कामगारांचे पुढारी. ‘बंदसम्राट’ ही पदवी त्यांना मुंबईनेच दिलेली. पाटील पडतील असे म्हणणाऱ्याला तेव्हा लोक हसत. पाटील पडले. त्या रात्री चाळीच्या गच्चीवर लोकांनी ताटे वाजवली, असे अण्णा सांगतात. “आपल्या एका मताने एवढे मोठे काही हलते, असे मला पहिल्यांदा आणि शेवटचे वाटले,” असेही सांगतात. आता ऐंशी ओलांडली तरी हे सांगताना आवाज चढतो.

या माणसाचे पहिले पक्षांतर खरे तर राजकारणातले नव्हतेच. ३ जून १९३० रोजी मंगळूरला एका कॅथॉलिक कुटुंबात जन्म. आईला इंग्लंडच्या पंचम जॉर्जचे कौतुक, आणि त्या राजाचाही जन्म ३ जूनचाच, म्हणून नाव जॉर्ज. साम्राज्याच्या राजाचे नाव घेऊन आयुष्यभर ‘चक्का जाम’ म्हणणारा दुसरा माणूस मला तरी ठाऊक नाही. सोळाव्या वर्षी घरच्यांनी त्यांना पाद्री करायला बंगळूरच्या धर्मशाळेत धाडले. दोनअडीच वर्षांत ते तेथून बाहेर पडले. कारण विचाराल तर वरिष्ठ पाद्री वेगळ्या मेजावर चांगलेचुंगले जेवत आणि विद्यार्थ्यांच्या पानात वेगळे पडे. समतेचा उपदेश आणि पंगतीतला प्रपंच या दोहोंचा मेळ त्यांना बसवता आला नाही. १९४९ साली ते मुंबईला आले, चौपाटीच्या वाळूत झोपले, एका वृत्तपत्रात मुद्रिते तपासण्याचे काम केले. पुढे गोदी कामगारांचे पुढारी प्लॅसिड डि’मेलो आणि राममनोहर लोहिया हे दोन गुरू भेटले. कोकणी मायबोली, घरात आणि शाळेत कानडी, तुळू, इंग्रजी, धर्मशाळेत लॅटिन. मराठी आणि हिंदी मात्र मुंबईच्या कामगारांनी शिकवली. आम्ही प्राध्यापक मंडळी शुद्धलेखनात अडकलो, आणि मराठीत लाखाची सभा हलवण्याचे काम एका मंगळूरकराने केले. हे मी एकदा आमच्या विभागाच्या बैठकीत बोलून दाखवले. कोणाला आवडले नाही. असो.

१९७४चा रेल्वे संप हा आमच्या घरचा जिव्हाळ्याचा विषय. ८ मे ते २७ मे, एकूण वीस दिवस. सुमारे सतरा लाख कामगारांचा तो लढा, आणि ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज. त्यांना तर संप सुरू होण्यापूर्वीच अटक झाली होती. हजारो कामगार तुरुंगात गेले. आमच्या आत्याचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात फिटर. ते संपावर उतरले आणि त्यांचा संसार महिनाभर अण्णांच्या पगारावर चालला. अण्णांचे लग्न त्या वैशाखात व्हायचे होते ते मार्गशीर्षात झाले. “संपाने माझा मुहूर्त खाल्ला,” असे आई अजून म्हणते. संप मोडला, मागण्या पदरात पडल्या नाहीत, सगळे मुकाट्याने कामावर गेले. आत्याचे यजमान पुढे पंचवीस वर्षे जगले, पण जॉर्जबद्दल वाकडा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. का, असे मी लहानपणी विचारले होते. म्हणाले, “अरे, तो आमच्यापेक्षा आधी आत गेला होता.”

आणीबाणी आली तेव्हा जॉर्ज ओरिसाच्या किनाऱ्यावर गोपालपूरला होते. तेथून जे निसटले ते वर्षभर भूमिगत; कधी दाढी-पगडी लावून शीख, कधी साधू. १० जून १९७६ रोजी कलकत्त्याला पकडले गेले. बडोदा डायनामाइट खटल्यात सरकारने त्यांच्यावर राज्य उलथवण्याच्या कटाचा आरोप ठेवला. भाऊ लॉरेन्स यांचा पोलिसांनी जो छळ केला, त्यातून त्यांची प्रकृती कायमची खचली. याच प्रकरणी अटक झालेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी सुटल्यानंतर अल्पावधीतच, जानेवारी १९७७मध्ये, वारल्या. हे सारे मी जरा सविस्तर लिहितो आहे, कारण पुढचा हिशेब करताना ही रक्कम खात्यावर धरावी लागते.

मार्च १९७७ची निवडणूक जॉर्जनी तुरुंगातून लढवली. मुजफ्फरपूर हा बिहारातला मतदारसंघ. प्रचारासाठी त्यांनी तेथे पाऊल टाकले नाही, टाकणे शक्यच नव्हते. फिरला तो त्यांचा फोटो : बेड्या घातलेला हात वर उचललेला, डोळ्यांवर जाड चष्मा. तीन लाखांहून अधिक मतांनी ते निवडून आले. अण्णांनी वर्तमानपत्रातले ते चित्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. आईची लुगडी आणि जॉर्ज फर्नांडिस एकाच कपाटात अनेक वर्षे नांदत होते. मी १९८०चा; हा बेड्यांतला माणूस आमचा कोणी नातेवाईक असावा अशी माझी पाचव्या वर्षापर्यंत समजूत होती.

मग जॉर्ज मंत्री झाले. उद्योगमंत्री. कोकाकोला आणि आयबीएम या कंपन्यांनी परकीय भांडवलाचा कायदा मानण्याऐवजी देश सोडणे पसंत केले, तो हाच काळ. सरकारने मग ‘डबल सेव्हन’ नावाचे पेय काढले. आईच्या मते ते काढ्यासारखे लागे. अण्णा मात्र तत्त्वासाठी बाटली संपवत.

आता जुलै १९७९. येथे जरा थांबले पाहिजे.

मोरारजीभाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला तो आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. जनता पक्षात आतून आधीच तडे गेलेले होते. जुन्या जनसंघाच्या मंडळींनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशीही नाते ठेवायचे आणि जनता पक्षातही राहायचे, हे चालणार नाही, अशी समाजवाद्यांची हरकत होती. मधू लिमये हा दुहेरी निष्ठेचा प्रश्न लावून धरण्यात आघाडीवर होते. १२ जुलैला लोकसभेत सरकारच्या बचावासाठी जॉर्ज उभे राहिले. भाषण असे झाले, की विरोधकांनीही ऐकून घ्यावे. सरकारने काय काय केले याची यादी, विरोधकांच्या जुन्या पापांची झडती, आणि सारे त्या खणखणीत आवाजात. आठवडा उलटला नाही तोच जॉर्ज त्या सरकारातून बाहेर पडून पलीकडे चरणसिंगांच्या बाजूला जाऊन बसले होते. मधल्या रात्री मधू लिमयांनी त्यांचे मन वळवले, हे सर्वश्रुत आहे. १५ जुलैला मोरारजीभाईंनी राजीनामा दिला. चरणसिंगांचे सरकार लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये पडले.

आमच्या चाळीत तेव्हा काय झाले ते आईकडून ऐकलेले सांगतो. अण्णांनी ते भाषण वर्तमानपत्रातून गॅलरीत उभे राहून मोठ्याने वाचून दाखवले होते. समोरच्या खोलीत एक जनसंघी गृहस्थ राहत. माणूस सज्जन, पण चिमटा काढण्यात पटाईत. आठवडाभराने उलटी बातमी आली तेव्हा ते कठड्याला टेकून म्हणाले, “काय हो, आज कोणत्या बाजूने वाचताय?” अण्णा पुढे कितीतरी दिवस नळावर पहाटेच जाऊन येत, म्हणजे गाठ पडू नये.

जॉर्जच्या पक्षांतराची गोष्ट निघाली की लोक पक्षांची यादी वाचतात. संयुक्त समाजवादी, समाजवादी, जनता, जनता (सेक्युलर), पुन्हा जनता, जनता दल, समता, जनता दल (संयुक्त), आणि शेवटी अपक्ष. आमच्या विभागातल्या एका सहकाऱ्याला ही यादी मारुतिस्तोत्रासारखी पाठ आहे. पण मला विचाराल तर या यादीत मोठी गफलत आहे. आमची चाळ बिल्डरने पाडली, आम्ही दोन वर्षे भाड्याच्या जागेत काढली, मग त्याच जागी मनोरा उभा राहिला आणि त्यात आम्ही परत आलो. सरकारी कागदांत आमचे तीन पत्ते झाले. म्हणून आम्ही भटके ठरतो काय? समाजवाद्यांचे घर तर दर चार वर्षांनी पडत असे. संयुक्त समाजवादी आणि प्रजा समाजवादी १९७१ साली एकत्र आले, १९७७ साली सारेच जनता पक्षात विरले, तो फुटला, पुढे १९८८ साली जनता दल झाले. यांतल्या बहुतेक वेळी जॉर्ज जागेवरच उभे होते. पाटी तेवढी बदलली. १९९४ साली ते नितीशकुमारांसह चौदा खासदार घेऊन जनता दलातून बाहेर पडले आणि समता पक्ष निघाला. ते मात्र निघणे होते, पण त्याच घरातल्या भाऊबंदकीतले.

तेव्हा मोजायची पक्षांतरे माझ्या लेखी दोनच. एक १९७९चे, आणि दुसरे १९९६चे, जेव्हा समता पक्षाने भारतीय जनता पक्षाशी हातमिळवणी केली. गंमत अशी, की कागदोपत्री दुसरे पक्षांतरच नव्हे. पक्ष तोच, खासदार तेच. कायद्याला दिसत नाही असे ते पक्षांतर होते. संघाशी नाते सांगणाऱ्यांबरोबर बसायचे नाही, या कारणासाठी ज्यांनी १९७९ साली आपलेच सरकार सोडले, ते सतरा वर्षांनी त्याच मंडळींच्या शेजारी जाऊन बसले. पुढे राष्ट्रीय लोकशाही आघाडीचे निमंत्रकही झाले.

१९९८ साली वाजपेयींचे सरकार आले आणि जॉर्ज संरक्षणमंत्री झाले. समोरचे जनसंघी गृहस्थ तोवर थकले होते, पण काठी टेकत पेढे घेऊन आले. “घ्या, तुमचा माणूस आमच्याकडे आला!” अण्णांनी पेढा घेतला नाही. मधुमेह आहे म्हणाले. अण्णांना मधुमेह तेव्हाही नव्हता, आजही नाही.

मी तेव्हा महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला होतो, आणि करंडक मिळवण्याचे ते माझे दिवस. मी जॉर्जचा वकील झालो. अण्णांशी रात्र रात्र वाद घातला. माझे मुद्दे आजही मला पाठ आहेत. लोहियांनी काँग्रेसविरोध हेच पहिले सूत्र मानले होते. ज्या माणसाच्या भावाला काँग्रेसच्या राजवटीत पोलिसांनी झोडपून काढले, त्याने त्या पक्षाला शत्रू क्रमांक एक मानले तर नवल काय? बिहारात लालूप्रसादांच्या राज्याला पर्याय हवा होता. शिवाय संरक्षणमंत्री होऊन हा माणूस काय बदलला? अंगात चुरगळलेला खादीचा कुडता, तो स्वतःच्या हाताने धुतलेला. सियाचीनच्या हिमनदीवर एवढ्या वेळा गेलेला दुसरा संरक्षणमंत्री नाही. बर्फावर चालणाऱ्या गाड्यांची मागणी दिल्लीच्या कचेरीत अडवून बसलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी सियाचीनलाच धाडले, जरा हवा खाऊन या म्हणून. दिल्लीतल्या कृष्ण मेनन मार्गावरच्या त्यांच्या बंगल्याला तर फाटकच नव्हते, काढून टाकलेले. आवारात ब्रह्मदेशातून परागंदा झालेली तरुण पोरे राहत. संरक्षणमंत्र्याचे घर आणि राखणदार नाही!

अण्णा हे सगळे ऐकून घेत आणि एवढेच म्हणत, “फाटक नसले की कोणीही आत येते रे.”

मला हे वाक्य तेव्हा कळले नाही. कोटी केली असे वाटले. जानेवारी १९९९मध्ये ओरिसात ग्रॅहॅम स्टेन्स या ख्रिस्ती मिशनऱ्याला त्याच्या दोन लहान मुलांसह मोटारीत जिवंत जाळण्यात आले. सरकारने तीन मंत्र्यांचे पथक धाडले. त्यात जॉर्ज होते. पथकाने परत येऊन यात आंतरराष्ट्रीय कट असल्याचे सांगितले. अण्णांनी वर्तमानपत्र घडी घालून माझ्यासमोर ठेवले, बोलले काही नाही. तरीही मी वकीलपत्र सोडले नाही. कारगिलच्या युद्धात तर ते मला सोपेच गेले. मार्च २००१मध्ये तहलकाच्या चित्रफितींनी गदारोळ झाला, जॉर्जनी राजीनामा दिला आणि ऑक्टोबरात ते परत मंत्री झाले. शवपेट्यांच्या खरेदीवरून विरोधी बाकांवरून ‘कफनचोर’ ओरडले गेले, त्यांच्यावर संसदेत बहिष्कार पडला. त्या प्रकरणी पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपपत्र ठेवले त्यात जॉर्जचे नाव नव्हते. पण हे कळेपर्यंत २००९ साल उजाडले होते आणि ओरडणारे दुसऱ्या कामाला लागले होते. पैसा खाल्ला असे अण्णा कधी म्हणाले नाहीत. तो आरोप त्यांनी चाळीतही कोणाला करू दिला नाही.

मग २००२. गुजरातेत दंगल पेटली तेव्हा जॉर्ज लष्करापाठोपाठ अहमदाबादेत गेले होते, हे सांगितले पाहिजे. ३० एप्रिलला लोकसभेत चर्चा झाली. स्त्रियांवरच्या अत्याचारांचे दाखले विरोधकांनी दिले होते. जॉर्ज उत्तराला उठले आणि म्हणाले ते थोडक्यात असे, की हे काही या देशात पहिल्यांदा घडत नाही, पूर्वीही घडले आहे. दिल्लीतल्या १९८४च्या शीख हत्याकांडाकडे बोट दाखवायचे होते, हे उघड आहे. काँग्रेसला गप्प करणारा मुद्दा होता. वादविवाद स्पर्धेत याला पाचापैकी पाच गुण पडतात. मी स्वतः असे गुण घेतलेही आहेत आणि दिलेही आहेत.

त्या रात्री आम्ही बापलेक जेवायला बसलो. नुकताच एम.ए. होऊन मी तासिकांवर शिकवू लागलो होतो. मी तोंड उघडले, आणि माझ्या लक्षात आले की मुद्दा माझ्याजवळ आहे. तयार आहे. १९८४चा आकडा, तारीख, सारे जिभेवर. आणि तो बोलण्याची मला शिसारी आली. मी घास गिळला आणि गप्प बसलो. वक्ता म्हणून मिळालेली देणगी माणसाला कुठवर नेते ते मला त्या क्षणी दिसले : बाजू कोणतीही मिळो, तिचे उत्तम भाषण आपोआप तयार होते. १९७९च्या जुलैत हीच देणगी सरकारच्या बाजूने बोलली होती आणि २००२ सालीही सरकारच्याच बाजूने बोलली. फरक इतकाच, की १९७९ साली रात्रभर जागवून ‘तू बोललास ते तुला पटते का?’ असे विचारणारा मधू लिमयांसारखा मित्र होता. लिमये १९९५ सालीच वारले होते.

दुसऱ्या दिवशी कपाटाचे दार उघडले तर बेड्यांचे चित्र जागेवर नव्हते. चार कोपऱ्यांवर गोंदाचे पिवळे डाग तेवढे होते. आईने विचारले नाही, मीही विचारले नाही.

१९७९च्या पक्षांतराबद्दल आज कोणी माझे मत विचारले तर मी म्हणेन, रीत वाईट होती, कारण लहान नव्हते. चार दिवसांपूर्वीचे भाषण गिळून हसे करून घ्यायलाही छाती लागते. १९९६चे मला समजते, पण पटत नाही, आणि त्यात हसे झाले नाही हेच मला जास्त बोचते. सारे सुरळीत पार पडले. मंत्रिपद मिळाले, काम झाले, बरेचसे चांगलेही झाले. कायद्याने पकडता येतील अशा पक्षांतरांवर १९८५ साली कायदा झाला. ही दुसरी तऱ्हा त्याच्या चिमटीत येत नाही.

कामाचे म्हणाल, तर आमच्या सौभाग्यवती सिंधुदुर्गातल्या. दर मे महिन्यात आम्ही कोकण रेल्वेने जातो. १९८९च्या डिसेंबरात जॉर्ज रेल्वेमंत्री झाले. ज्यांनी १९६७ साली रेल्वेमंत्र्याला पाडले आणि १९७४ साली रेल्वे थांबवली, तेच आता रेल्वे चालवायला बसले. मंत्रिपद टिकले वर्षभरसुद्धा नाही, पण तेवढ्यात, १९९० साली, कोकण रेल्वेचे स्वतंत्र महामंडळ उभे राहिले. मधू दंडवते अर्थमंत्री होते, श्रीधरन कामावर आले, आणि रोहा ते मंगळूर हा लोहमार्ग १९९८ साली पुरा झाला. बोगद्यामागून बोगदे येतात, खिडकीत काळोख होतो आणि पुन्हा हिरवे दिसते, तेव्हा आमची मुलगी मोजत बसते. १९४९ साली मंगळूरहून मुंबईस येणाऱ्या मुलाला या किनाऱ्याने येणारी गाडी नव्हती. हा विचार माझ्या मनात दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो सौ.ना सांगतो. त्या म्हणतात, “मागच्या वर्षी सांगितलेत.”

२००९ साली पक्षाने जॉर्जना उमेदवारी नाकारली. ऐंशीला आलेले, स्मृतिभ्रंशाने घेरलेले. ते मुजफ्फरपुरातून अपक्ष उभे राहिले. संस्कृतात ‘अपक्ष’ म्हणजे ज्याला पंख नाहीत तो. ज्या गावाने त्यांना न पाहता तीन लाखांचे मताधिक्य दिले होते, त्याच गावात अनामत रक्कम गेली. पुढे वर्षभर राज्यसभा, मग नऊ-दहा वर्षे अंथरूण. घरच्यांत त्यांच्या शुश्रूषेवरून कोर्टकचेऱ्या झाल्या. त्यात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. दहा भाषा बोलणाऱ्या माणसाला शेवटी एकही उरली नव्हती.

२९ जानेवारी २०१९ रोजी दिल्लीत ते गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. अण्णांना आता बारीक टाइप दिसत नाही, म्हणून वर्तमानपत्र मी वाचून दाखवतो. त्या दिवसांत सगळी पाने त्यांच्यावरच होती. अंत्यविधीची बातमी वाचताना मी जरा अडखळलो. जॉर्जनी आधी आपल्याला दहन द्यावे असे सांगितले होते, नंतर नंतर त्यांना दफन हवेसे वाटू लागले होते. म्हणून जवळच्यांनी दोन्ही केले : देहाला अग्नी दिला आणि अस्थी ख्रिस्ती दफनभूमीत पुरल्या.

“पुन्हा वाच,” अण्णा म्हणाले. मी पुन्हा वाचले.

“शेवटीसुद्धा दोन्हीकडे,” असे म्हणून ते हसले. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले, आणि म्हणाले, “माझ्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात सत्याहत्तरच्या सालचे बघ. त्यात ते कात्रण असेल. टाकले नव्हते मी.”

मी शोधले. होते.